काळ्या इंजिनाचा सांगाडा

तिला सगळे पक्कड म्हणत. तोंडावर नव्हे अर्थात. तोंडावर म्हणायची छाती त्या गल्लीत कोणाची नव्हती. एकदा धरलं की सोडायचं नाही, मग ती वस्तू असो, शब्द असो की वैर, असा तिचा खाक्या. दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत ती दातांच्या टोप्या आणि कवळ्या करायची. खाली लाँड्रीवाला, वर ही, आणि मधल्या जिन्यात दोघांचं रोजचं भांडण. तो म्हणायचा, तुमच्या प्लास्टरची भुकटी माझ्या धुतलेल्या चादरींवर बसते. ती म्हणायची, तुमच्या वाफेनं माझं प्लास्टर सुकत नाही. दोघंही खरं बोलत होते, त्यामुळे भांडण मिटायचं काही कारणच नव्हतं.

कामात मात्र तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. दवाखान्यातून रुग्णाच्या तोंडाचा ठसा यायचा. त्यात प्लास्टर ओतून ती तसाच्या तसा जबडा उठवायची, पडलेल्या दाताच्या जागी मेणाचा दात कोरायची, मेणाभोवती साचा भरायची, भट्टीत मेण वितळवून काढून टाकायची आणि उरलेल्या पोकळीत धातू ओतायची. तांदळाच्या दाण्याएवढ्या टोपीला ती चिमट्यात धरून तासन्‌तास घासत बसे. तिच्या हातून काही पडलंय, फुटलंय, निसटलंय असं आजवर कोणी पाहिलं नव्हतं. लोकांना वाटायचं, देणगी असेल. देणगी वगैरे काही नव्हतं. तो निव्वळ राग होता, आणि तो तिनं लहानपणापासून जपून वाढवला होता.

त्या रागाचं मूळ एका खेळण्यातल्या आगगाडीत होतं. खेळण्यातली म्हटलेलं तिच्या वडिलांना चालत नसे; ते मॉडेल म्हणत. अप्पा एका शिंप्याच्या मोठ्या दुकानात कापड कापायचे. घरच्या पुढच्या खोलीत त्यांनी कापड कापायचं जुनं टेबल आणून त्यावर रूळ, पूल, सिग्नल असा सगळा पसारा मांडला होता. त्या पसाऱ्याचा राजा म्हणजे एक काळं वाफेचं इंजिन. अर्थात वाफ नुसती दिसायला, चालायचं विजेवर. हाताच्या तळव्याएवढं, पण वजनदार. नियम ठरलेले होते. इंजिन उचलायचं ते फक्त अप्पांनी. वेगाचं बटण फिरवायचं ते दादानं. आणि धाकटीनं जवळ उभं राहून बघायचं, हात लावायचा नाही.

एका सुट्टीच्या सकाळी अप्पांनी कपाटातून इंजिन काढलं तर त्याची चाकं अडकलेली. वरचं कवचासारखं टपर काढून बघतात तो खालचा सांगाडा, म्हणजे ज्यात चाकांचे आस बसतात तो ओतीव धातूचा ठोकळा, मधोमध तुटलेला. “कोणी पाडलं?” अप्पा ओरडले. दादा म्हणाला, मी नाही. ती म्हणाली, मी नाही. मग दादा म्हणाला, “ही काल कपाटाशी उभी होती.”

झालं. निकाल लागला. “हिच्या हातात वस्तू टिकत नाही,” अप्पा म्हणाले, आणि ते वाक्य त्या घरात कायमचं राहायला आलं. पाहुणे आले की चहाचा ट्रे दादाच्या हातात. काचेची बरणी फळीवरून काढायची तर आईला हाक. ती शाळेतून बक्षिसाचा पेला घेऊन आली तेव्हा अप्पांनी तो तिच्या हातातून आधी काढून घेतला आणि मग शाबासकी दिली. पुढे तिचं लग्न झालं आणि मोडलं. तेव्हाही ते शेजाऱ्यांना म्हणाले, “मी आधीपासून सांगत होतो.” हे तिच्या कानावर आलं. त्या घरात ती पुन्हा पाऊल टाकीना.

आपण इंजिनाला हात लावला नव्हता हे तिला पक्कं ठाऊक होतं. म्हणजे दादानंच पाडलं, आणि वर तिच्यावर ढकललं. यात शंकेला जागाच नव्हती. तिकडे दादालाही आपण हात लावला नसल्याचं तितकंच पक्कं ठाऊक होतं, म्हणजे तिनंच पाडलं. असे दोन निष्पाप जीव आयुष्यभर एकमेकांच्या नावानं बोटं मोडत मोठे झाले.

तोच दादा एका दुपारी बुटांचं खोकं काखेत मारून तिच्या दारात उभा राहिला. यापूर्वी आला होता तो आई गेल्याचं सांगायला.

“कोण गेलं?” तिनं दारातूनच विचारलं.

“कोणी नाही. आत येऊ का?”

“पाय पूस.”

दादा पाण्याच्या मीटरचे आकडे घेत घरोघर हिंडायचा, त्यामुळे असल्या स्वागताची त्याला सवय होती. त्यानं पाय पुसले, खोकं तिच्या टेबलावर ठेवलं आणि झाकण काढलं. आत काळं इंजिन होतं. टपर जसंच्या तसं, चाकं सुटी, आणि सांगाड्याचे आता दोन नव्हे तर चांगले मूठभर तुकडे.

“अप्पांची उजवी बाजू गेलीय,” तो म्हणाला. “दिवसभर त्या टेबलाशी बसून असतात. इंजिन, इंजिन, एवढंच चालू असतं. डॉक्टर म्हणाले, फार दिवस नाहीत.”

“मग दुरुस्तीवाल्याकडे ने.”

“सगळ्यांकडे नेलं. म्हणतात, या जातीचा सांगाडा आता मिळत नाही. कोणी नवा ओतून दिला तरच. आणि ओतणारी मला एकच माहीत आहे.” शेवटचं वाक्य त्यानं असं म्हटलं, जणू तिनं त्याचा पाय तुडवला होता.

तिनं खोक्यात बोटही घातलं नाही. “करीन. पण एका अटीवर. इंजिन चालायला लागलं की अप्पांच्या समोर, माझ्या देखत म्हणायचं, मी पाडलं होतं, हिनं नाही.”

“मी पाडलंच नव्हतं!”

“मग उचल खोकं.”

“अगं, तू पाडलंस, आणि कबूल मी करू?”

“उचल म्हटलं ना.”

त्यानं उचललं. दार आपटून जिना उतरला. लाँड्रीवाल्यानं मान बाहेर काढून चौकशी केली, त्याला दादानं काहीतरी सुनावलं. मग पावलं पुन्हा वर आली. खोकं पुन्हा टेबलावर आलं.

“म्हणीन,” दादा म्हणाला. “म्हातारा जायच्या आधी एकदा गाडी बघू दे, म्हणून म्हणीन. पण मी खोटं बोलतोय हे तुला माहीत असेल.”

“खरं काय ते मला चांगलं माहीत आहे,” ती म्हणाली. “दार ओढून घे.”

तो गेल्यावर तिनं हातातली सगळी कामं बाजूला सारली. दवाखान्यांचे फोन आले, तिनं उचलले नाहीत. तिला इंजिन नको होतं, अप्पांचा आशीर्वाद तर मुळीच नको होता. तिला हवं होतं एक वाक्य, आणि ते ऐकणारे दोन कान जिवंत आहेत तोवर हवं होतं. म्हातारा आधी गेला असता तर तिच्या कपाळावरचा शिक्का तसाच राहिला असता.

तुकडे तिनं चिकट मेणानं एकाला एक जोडले. कवळी तुटून आली की हेच करायचं असतं: तुकडे जुळवायचे, ठसा घ्यायचा, ठशावरून पुढचं सगळं. ठसा खोटं बोलत नाही, हा तिच्या धंद्याचा पहिला धडा. माणूस म्हणतो, माझा दात सरळ आहे. ठसा दाखवतो, वाकडा आहे. म्हणून आपलं डोकं चालवायचं नाही, ठशात जे आहे तेच करायचं. तिनं रबराचा ठसा घेतला, त्यात मेण ओतलं, साचा भरला, भट्टी लावली, आणि पितळ वितळवून आत सोडलं. साचा फोडला तर सांगाडा असा देखणा निघाला की तिचा तिलाच हेवा वाटला. कानस मारून, भोकं साफ करून ती चाकं बसवायला बसली.

चाकं बसेनात. आस भोकांत जात होते, पण चाकांना एकमेकांशी जोडणारा बाहेरचा दांडा पुरत नव्हता. ओढून बसवला तर चाकं अडकत. टपर वर ठेवलं तर पुढचा स्क्रू भोकाच्या अलीकडेच राही. तिनं भट्टीला शिव्या दिल्या, प्लास्टरला दिल्या, खाली लाँड्रीवाला उगाचच हसला म्हणून त्याला दिल्या. सगळं पुन्हा केलं. पुन्हा तेच.

मग ती जरा थंड डोक्यानं बसली. धातू ओतल्यावर निवताना आकसतो. चूक झालीच तर वस्तू आखूड व्हायला हवी. ही लांब झाली होती. तिनं मेणानं जोडलेला मूळ सांगाडा टपरावर धरून पाहिला. तोही लांब! ज्या टपरात तो वर्षानुवर्षं बसला होता, त्याच टपरात आता मावत नव्हता. ठसा खोटं बोलला नव्हता. मूळ वस्तूच वाढली होती.

तिनं एक तुकडा चिमट्यात धरून दाबला. तो भुसभुशीत बिस्किटासारखा कुस्करला गेला. आत राखाडी भुकटी, आणि चिरा एका बाजूनं नव्हे, चहूबाजूंनी. पडून तुटलेला धातू तिनं शेकडो वेळा पाहिला होता. तो एका रेषेत तुटतो आणि आत लख्ख असतो. तिनं धातू विकणाऱ्या म्हाताऱ्याला फोन लावून हे सगळं सांगितलं.

“जस्ताचं ओतकाम असणार,” म्हातारा खेकसला. तो सगळ्यांवरच खेकसायचा, म्हणून तिचं त्याच्याशी पटायचं. “ओतताना शिसं मिसळलं गेलं असेल. आतून फुगतं, तडकतं, आणि एके दिवशी नुसतं उचललं तरी दोन तुकडे.”

“पाडावं लागत नाही?”

“कशाला पाडावं लागतंय! कपाटात मखमलीवर ठेवलं तरी तुटतं. जन्मतःच सडकं ते. ठेवू फोन? का अजून काही शिकवू?”

तिनंच फोन आपटला. कोणी पाडलंच नव्हतं. तिनं नाही, आणि दादानंही नाही. तिला हायसं वाटायला हवं होतं. आला तो संताप. इतकी वर्षं घट्ट धरून ठेवलेला शत्रू बोटांच्या फटीतून भुकटी होऊन गळत होता, आणि तिला तो सोडवत नव्हता. फोन करून दादाला सांगणं दोन मिनिटांचं काम होतं. तिनं केलं नाही. आधी त्याला म्हणू दे, मग सांगेन, असं तिनं ठरवलं. आपण काय करतोय ते तिला चांगलं कळत होतं. तुकडे आणि भुकटी तिनं कवळीच्या एका रिकाम्या डबीत भरली आणि डबी पर्समध्ये टाकली.

तिसऱ्या खेपेला तिनं ठशाचं ऐकलं नाही. मेणाचा सांगाडा तिनं दोन ठिकाणी कापला, नखाच्या कडेएवढं मेण काढून पुन्हा सांधला, आणि आसांची भोकं जुन्या तुकड्यांवरून न घेता चाकांच्या दांड्यावरून आखली. या वेळी सगळं बसलं. मोटर घातली, तारा जोडल्या, वीज दिली. चाकं सरसर फिरली. ती मात्र हसली नाही.

दादाच्या घराचं दार वहिनीनं उघडलं. “चपला बाहेर,” वहिनी म्हणाली आणि आत निघून गेली. पुढच्या खोलीत तेच टेबल होतं, तेच रूळ. टेबलाशी खुर्चीत अप्पा होते, उजवा हात मांडीवर पडलेला, तोंड एका बाजूला ओढलेलं, पण डोळे तेच. इतक्या वर्षांनी लेक समोर आली, तर ते म्हणाले, “आणलंस? वाटेत पाडलं नाहीस ना?”

तिनं इंजिन रुळांवर ठेवलं, एकेक चाक रुळात बसल्याची खात्री केली आणि बाजूला झाली. दादानं बटण फिरवलं. इंजिन निघालं. पुलावरून गेलं, सिग्नलला वळसा घालून पुन्हा समोर आलं. अप्पांचं तोंड हललं. हसत होते की रडत होते ते त्या अर्ध्या तोंडावरून कळेना. तिला त्याच्याशी देणंघेणं नव्हतं. ती दादाकडे बघत होती.

दादानं घसा खाकरला. “अप्पा, ते इंजिन तेव्हा मी पाडलं होतं. हिनं नाही.”

आयुष्यभर वाट पाहिलेलं वाक्य. ते बोलला तेव्हा त्याचा चेहरा पडलेला होता, कान लाल झाले होते. तिनं पर्समधल्या डबीवर हात ठेवला.

“गप्प बस,” अप्पा म्हणाले. त्यांची नजर गाडीवरून हटली नव्हती. “कोणी पाडलं नव्हतं ते.”

“म्हणजे?” दादानं विचारलं.

“चाकांच्या मागे चिरा होत्या. रोज वाढायच्या. मी बघत होतो ना. तडकत होतं, मग तुटलं.”

ती टेबलापाशी सरकली. “तुम्हाला माहीत होतं?”

“माझं इंजिन. मला माहीत नसेल?”

“मग मला का बोललात?”

अप्पांनी विचार केला. खरोखर केला, आठवायचा प्रयत्न करताना करतात तसा. “राग आला होता,” ते म्हणाले. “एवढं हौसेनं आणलेलं. कोणावर तरी काढायला हवा होता. तू जवळ उभी होतीस.”

“आणि दुसऱ्या दिवशी? दुसऱ्या दिवशी तरी राग गेला असेल ना?”

“गेला असेल.”

“मग पुढची सगळी वर्षं?”

“एकदा म्हटलेलं परत कोण घेतं?” अप्पा वैतागून म्हणाले. “मध्ये उभी राहू नकोस. दिसत नाही गाडी.”

तिनं डबी काढली आणि टेबलावर उपडी केली. राखाडी भुकटी रुळांशेजारी सांडली. अप्पांनी तिच्याकडे बघितलंही नाही. बघितलं ते दादानं. त्यानं एक तुकडा उचलला, तो बोटांत कुस्करला, आणि त्याला हळूहळू उमगत गेलं.

“हा जुना सांगाडा,” तो म्हणाला. “म्हणजे तुलाही माहीत होतं. मी तोंड उघडायच्या आधी.”

“होतं.”

“आणि तरी मला म्हणायला लावलंस.”

“लावलं.”

“वा! बापाची लेक शोभतेस.”

हे तिला लागलं. अप्पांच्या बोलण्यापेक्षा जास्त लागलं, कारण ते खरं होतं. इंजिन समोरून जात होतं ते तिनं झडप घालून उचललं. चाकं हवेत घुरघुरली आणि थांबली. तिनं हात टेबलाच्या बाहेर, फरशीच्या वर अधांतरी धरला. अप्पांच्या घशातून कसलासा आवाज आला. वहिनी आतून धावत आली.

“पाड की,” दादा म्हणाला. तो जागचा हलला नाही. “नाव कधीच लागलंय. निदान हौस तरी भागव.”

तिला पाडायचं होतं. मनापासून पाडायचं होतं. पण पाडायला मूठ उघडावी लागते, आणि मूठ उघडेना. याच घराला खोटं पाडण्यासाठी तिनं ते हात असे घडवले होते की त्यांना सोडणं ठाऊकच नव्हतं. तिचा दंड भरून आला, डोळेही भरून आले, आणि त्याचा तिला भयंकर राग आला. शेवटी तिनं इंजिन पुन्हा रुळांवर ठेवलं. एकेक चाक बसलंय का ते वाकून बघितलं. आताही बघितलं.

“पितळ आहे, सडणार नाही,” ती दादाला म्हणाली. “अधूनमधून आसांना तेलाचा थेंब दे. आणि ह्यांना हात लावू देऊ नकोस.” तिनं हनुवटीनं अप्पांकडे दाखवलं. “ह्यांच्या हातात वस्तू टिकत नाही.”

ती दाराबाहेर चपला घालत होती तेव्हा मागे गाडीचा आवाज बंद झाला. तिनं वळून पाहिलं. दादा इंजिन कपाटाच्या सगळ्यात वरच्या फळीवर ठेवत होता.

“अरे, आत्ताच तर लावलं होतं,” अप्पा म्हणाले. “दे इकडे.”

“तुम्ही जवळ बसून बघायचं अप्पा,” दादा कपाट बंद करत म्हणाला. “हात लावायचा नाही.”